सहा महिने चालणारी बॅटरी अठरा दिवसांत का उतरते?

नमस्कार. आम्ही दोघं पुण्यात, वाकडला सातव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या वेळी मुलाने हौसेने पाच खिडक्यांना मोटरचे पडदे बसवून दिले. दुकानदार म्हणाला होता, एकदा चार्ज केलं की सहा महिने बघायला नको. बेडरूमचे पडदे खरंच चार-पाच महिने चालतात. हॉलचा पश्चिमेचा मोठा झेब्रा पडदा (आडव्या जाड आणि झिरझिरीत पट्ट्यांचा, सात फूट रुंद, सात फूट उंच) मात्र तीन आठवड्यांत मान टाकतो, कधी अठराव्या दिवशीच. मग आमचे हे स्टुलावर चढून जुन्या मोबाइलचा चार्जर लावतात आणि दोन तासांनी काढतात, कारण जास्त वेळ ठेवला तर बॅटरी फुगते असं त्यांचं म्हणणं. पडदा पूर्ण बंद पडल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. हल्ली पडदा वर गेला की शेवटी 'टक्' असा आवाज येतो आणि डाव्या कडेचे दोरे निघायला लागलेत. दुकानदाराचा माणूस पाच मिनिटं बघून म्हणाला, बॅटरी गेली, ती आतून निघत नाही, मोटरच बदला. मुलगा आता कॅनडात आहे. त्याने जाताना फोनवरून सगळं ऑटोमॅटिक करून ठेवलंय. लेकीचा मुलगा रविवारी आला की रिमोट त्याच्या हातात. मे ते ऑक्टोबर आम्हीही कॅनडाला जाणार आहोत. मोटर बदलू, की साधे पडदे लावून मोकळी होऊ? आणि हे पडदे धुवायचे कसे?
एक वाचक, वाकड

ताई, मोटर बदलू नका. निदान अजून महिना-दोन महिने तरी नको. बॅटरी गेली असेलही, पण तुमच्या पत्रात तिच्याविरुद्ध पुरावा फारसा नाही. दुसऱ्या तीन-चार संशयितांविरुद्ध मात्र भरपूर आहे, आणि त्यातले दोन तुमच्या घरातलेच आहेत.

सुरुवात चार्जरपासून करू. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते भिंग घेऊन वाचा. बहुतेक ५ व्होल्ट, १ अँपिअर असेल. म्हणजे ५ वॉट. दोन तासांत तो १० वॉट-अवर वीज देणार, त्यातली थोडी उष्णतेत जाणार, बॅटरीत ८ पोचली तरी खूप. आता बॅटरी किती मोठी आहे ते बघू. अशा मोटरच्या नळीत साधारण दोन लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडलेले असतात, मिळून ७.४ व्होल्ट. क्षमता २,००० ते २,६०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवरच्या) दरम्यान असते, आपण २,२००, म्हणजे २.२ अँपिअर-अवर धरू. गुणाकार केला की १६ वॉट-अवर येतात. (काही मोटरींत तीन सेल असतात, मग आकडा आणखी वाढतो. मोटरच्या डोक्यावरच्या लेबलवर लिहिलेलं असेल.) सोळाच्या भांड्यात आठ ओतायचे आणि भांडं लवकर रिकामं होतं म्हणून भांड्याला दोष द्यायचा, असं चाललंय. दोन तासांनी काढता तेव्हा मोटरवरचा दिवा लालच असतो की हिरवा झालेला असतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मी पैज लावतो, लालच असतो.

आता ऑटोमॅटिक. दुकानदाराचे सहा महिने खोटे नसतात, पण त्यामागे एक अट असते आणि ती विक्रीच्या वेळी कुणी मोठ्याने वाचत नाही. ती म्हणजे रोज एकदा वर, एकदा खाली. सहा महिने म्हणजे सुमारे १८० फेऱ्या. मुलाने फोनवर काय वेळापत्रक लावलंय ते त्याला विचारा. अशी वेळापत्रकं मी बरीच पाहिली आहेत आणि ती सगळी एकाच धाटणीची असतात. सकाळी साडेसहाला उघड, अकराला अर्धा, ऊन आलं की बंद, चारला पट्ट्या थोड्या फिरव, सूर्यास्ताला उघड, दिवेलागणीनंतर पुन्हा बंद. वर तुम्ही रिमोटने मधेच हवा तसा करणार आणि रविवारी नातवाची लिफ्ट सुरू. हे सगळं मिळून दिवसाला चार पूर्ण फेऱ्यांइतकं काम झालं, असं धरा. १८० भागिले ४ म्हणजे ४५ दिवस. त्यात चार्जिंग अर्धंच, म्हणजे साडेबावीस दिवस. तुमचे 'तीन आठवडे' हेच की!

बेडरूमच्या पडद्यांना मुलाने बहुधा वेळापत्रक लावलेलं नाही, ते लहानही असतील आणि रोज एकदाच हलत असतील. म्हणून ते त्याच चार्जरवर, त्याच दोन तासांवर पाच महिने काढतात.

हॉलच्या पडद्याची आणखी एक अडचण आहे. झेब्रा पडदा दोन पदरी असतो. कापडाचं एक टोक वर पट्टीला पक्कं असतं, तिथून ते खाली येतं, खालच्या जड पट्टीला वळसा घालतं आणि परत वर जाऊन पाइपवर गुंडाळतं. म्हणून पडदा सात फूट वर न्यायचा तर पाइपला चौदा फूट कापड ओढावं लागतं. साध्या रोलर पडद्याला सात फुटांत भागतं. झेब्राच्या बाबतीत ओझं विभागलं जातं हे खरं, पण मोटर दुप्पट वेळ फिरते, आणि मोटर फिरत असते तितका वेळ गिअरमधल्या घर्षणात वीज जातच असते. हा हिशोब एकदा कागदावर मांडला तर गंमत वाटते. दोन-एक किलोचा पडदा दीड-दोन मीटर उचलायला खरी लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की नुसत्या वजनाचाच प्रश्न असता तर एका चार्जमध्ये हजारावर फेऱ्या झाल्या असत्या. बाकीची सगळी त्या बोटभर जाडीच्या मोटरच्या पोटातले छोटे गिअर खातात. म्हणून पडदा हलका करण्यापेक्षा त्याचं अडकणं, घासणं कमी करण्यात जास्त फायदा असतो.

आणि तुमचा पडदा घासतोय. डाव्या कडेचे दोरे निघणं हे कापडाच्या दर्जाचं लक्षण क्वचितच असतं. पाइप एका बाजूला किंचित उतरता बसलाय, किंवा कापड पाइपवर सरळ चिकटवलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक गुंडाळीला ते केसभर डावीकडे सरकतं आणि वर जाईपर्यंत कड ब्रॅकेटला घासायला लागते. खात्री करायची असेल तर पडदा पूर्ण वर घ्या, स्टुलावरून (यजमानांना नको, कुणा तरुण माणसाला चढवा) गुंडाळीचं डावं टोक बघा. गुंडाळी सपाट कापलेल्या लाकडासारखी दिसायला हवी. उघडलेल्या दुर्बिणीसारखी पायरी-पायरीने बाहेर आलेली दिसली तर तुमचं उत्तर तिथेच आहे. निघालेले दोरे ओढू नका, पूर्ण लांबीची कड उसवत जाईल. कात्रीने कापडाच्या अगदी जवळून कापा आणि पडदा सरळ होईपर्यंत कडेला हात लावू नका.

'टक्' आवाजाची गोष्ट निराळी, पण खर्चाच्या बाबतीत तीच मोठी. मोटरला कुठे थांबायचं ते शिकवलेलं असतं, वरची हद्द आणि खालची हद्द. दोन वर्षांत कापड थोडं ताणतं, गुंडाळी थोडी बदलते आणि वरची हद्द चुकते. मग खालची जड पट्टी वर जाऊन गुंडाळी झाकणाऱ्या पेटीवर आदळते आणि मोटर क्षणभर भिंतीला रेटणाऱ्या बैलासारखी जोर लावते. मोटर अडकली की ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. दिवसातून चारदा हे होत असेल तर बॅटरीचं जे व्हायचं ते होतंच, शिवाय गिअरचे दातही झिजतात. वरची हद्द दोन बोटं खाली घेतली की प्रश्न मिटतो. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण प्रत्येक कंपनीच्या मोटरमध्ये बटणं दाबायचा क्रम वेगळा असतो, आणि मोटरच्या डोक्यावरचं बारकं बटण नको तितका वेळ दाबून ठेवलं तर बऱ्याच मोटरी रिमोटची ओळखच विसरतात. मग तोच माणूस पुन्हा बोलवावा लागतो. तेव्हा हे फिटरकडूनच करून घ्या आणि करताना शेजारी उभ्या राहा.

आता यजमानांचे दोन नियम. त्यांचा मान राखून सांगतो. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करायची नाही, हे त्यांनी कॉर्डलेस फोनच्या काळात ऐकलेलं असणार, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागायची. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, तिला ही खोड नाही. उलट ती तळाला जाऊन पडून राहिली की तिचं नुकसान होतं. पडदा अर्ध्यात रेंगाळायला लागला, मोटरने पिक्-पिक् करायला सुरुवात केली, की त्याच आठवड्यात चार्जर लावा.

फुगण्याची भीती मोबाइलवरून आलेली आहे. मोबाइलमध्ये पाकिटासारखी चपटी बॅटरी असते, ती फुगताना दिसते. पडद्याच्या नळीतले सेल बहुतेक पोलादी कवचातले, टॉर्चच्या सेलसारखे गोल असतात, आणि त्यांच्या बरोबर एक छोटं सर्किट असतं. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचला की ते स्वतःच चार्जिंग तोडतं. त्यामुळे सहा तास लावून ठेवण्यात धोका नाही. तरीही रात्रभर लावून झोपा असं मी सांगणार नाही. कुठलीही लिथियम बॅटरी माणसं जागी असतानाच चार्ज करावी, हे माझं मत आहे, आणि इथे तर त्याची सोयही आयती आहे. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांच्या मध्येच चार्ज करायचे असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळीस असतं, आणि पश्चिमेच्या काचेला लागून पडद्याच्या पेटीत दुपारी तीनला हात लावून बघा, चटका बसेल. पण पश्चिमेची खिडकी दुपारी बारापर्यंत सावलीत असते. सकाळी सहाला, दूध तापवायला ठेवता तेव्हा चार्जर लावा, दिवा हिरवा झाला की काढा. मात्र तेवढा वेळ पडदा हलवायचा नाही, म्हणजे त्या सकाळी मुलाचं वेळापत्रकही बंद हवं.

चार्जर कुठला? मोटरबरोबर आलेला असेल तर तोच. तो हरवला असेल आणि मोटरला मोबाइलसारखी टाइप-सी पिन असेल, तर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा चार्जर घ्या. ६५ वॉटचे फास्ट चार्जर पडद्याला लावायची गरज नाही, काही कंपन्या तर माहितीपत्रकातच नको म्हणतात. पण पिन गोल असेल तर जपून. गोल पिनच्या मोटरी बऱ्याचदा ८.४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात, आणि तशीच गोल पिन वायफायच्या राउटरलाही असते. तिथे १२ व्होल्ट असतात. पिन बसते म्हणून लावायचं हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. माझ्या अभ्यासिकेतल्या पडद्याला एका संध्याकाळी राउटरचा ॲडॉप्टर लावला, मोटरवरचा दिवा एकदा कधी नव्हे इतका लख्ख हिरवा पेटला, जळक्या बेकेलाइटचा वास आला आणि संपलं. बॅटरी बिचारी धड होती, चार्जिंगचं सर्किट गेलं होतं. माझ्या मोटरीत ते सर्किटही नळीच्या आत असल्यामुळे अख्खी मोटर नवी घ्यावी लागली. घरात अजूनही कुणी नवा चार्जर हातात घेतला की मला त्या दिव्याची आठवण करून दिली जाते.

स्टुलावर चढणं बंद करायचा स्वस्त उपाय म्हणजे टाइप-सीची दोन मीटरची जाडसर एक्स्टेन्शन केबल. एक टोक मोटरमध्ये कायमचं, केबल खिडकीच्या चौकटीच्या कडेने क्लिपा मारून खाली आणायची, दुसरं टोक कमरेच्या उंचीला लोंबत ठेवायचं. पडद्याच्या कडेला ती दिसतही नाही. फार लांब आणि बारीक केबल मात्र घेऊ नका, तिच्यातच व्होल्टेज पडतं आणि चार्जिंगला दुप्पट वेळ लागतो.

दुकानदार तुम्हाला सोलर पट्टीही सुचवेल. काचेला आतून चिकटवायची ती पट्टी वाईट नसते. जिन्याच्या उंच खिडकीला, जिथे शिडी लावणंच संकट, तिथे ती उपयोगी. पण तुमच्या काचेवर ऊन परतवणारी फिल्म असेल तर पट्टीला मिळणारा उजेड कमी, आणि जून ते सप्टेंबर पुण्यात सूर्य दर्शन देईल तेव्हा. वर्षात दोन-तीनदा चार्ज करायच्या पडद्यासाठी एवढा खटाटोप नको. त्यापेक्षा पुढे कधी घराचं रंगकाम काढाल तेव्हा हॉलच्या खिडकीपर्यंत एक वायर भिंतीतून नेऊन ठेवा. ज्या पडद्याला दिवसातून चारदा हलायचं आहे त्याला बॅटरीवर ठेवणंच मुळात चूक आहे. हे पडदे लावायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा भिंती फोडायच्या नसतात आणि बॅटरीचा पडदा अर्ध्या तासात बसतो.

एक तपासणी विसरू नका. पडदा रिमोटला दाद देत नाही म्हणजे त्याची बॅटरीच उतरली असं नसतं. रिमोटमध्येही बटणासारखा चपटा सेल असतो. मोटरच्या डोक्यावरचं बटण टुक् करून एकदाच दाबून बघा, दाबून धरू नका. पडदा हलला तर मोटर ठीक आहे, रिमोटचा सेल बदला. सेलवर सीआर २४३० किंवा सीआर २०३२ असं काही कोरलेलं असतं, तो नंबर म्हणजे माप आहे. २४३० म्हणजे २४ मिलिमीटर व्यास, ३.० मिलिमीटर जाडी. त्यामुळे दुकानात 'जवळचा' सेल घेऊ नका, बसणार नाही.

आणि याच सेलमुळे नातवाच्या हातातला रिमोट मला खटकतो. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या लहान मुलांच्या गळ्याला फास लावू शकतात, त्या दृष्टीने बिनदोरीचा मोटरचा पडदा खरोखर चांगला. पण रिमोट आपटला आणि मागचं झाकण निघून सेल बाहेर पडला, तर तो मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक हॉस्पिटल गाठायचं. झाकणाला स्क्रू असेल तर तो घट्ट करा, नसेल तर जाड चिकटपट्टी मारा. आणि रविवारी रिमोट फ्रिजवर ठेवा.

धुण्याबद्दल विचारलंत. हे पडदे धुवायचे नसतातच. बादलीत नाही, मशीनमध्ये नाही, ड्रायक्लीनलाही नाही. कापडाला कडकपणा देणारा लेप असतो, तो गेला की कडा वळायला लागतात आणि मग वर सांगितलेलं घासणं सुरू होतं. पडदा पूर्ण खाली सोडा, व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून वरून खाली एकच हात फिरवा. झेब्राच्या बाबतीत पट्ट्या एकदा जुळवून आणि एकदा फिरवून, असं दोनदा. बोटांचे डाग पांढऱ्या खोडरबरने जातात. तेलकट डागाला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून पिळलेला फडका नुसता टिपायचा, घासायचा नाही. आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय पडदा वर घ्यायचा नाही. एका जुलैत मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा पुसला, पाहुणे आले म्हणून तसाच गुंडाळला आणि तीन दिवस विसरलो. उघडला तेव्हा दर बारा-तेरा सेंटिमीटरवर काळ्या ठिपक्यांची आडवी रांग. पाइपचा घेर तेवढाच होता, प्रत्येक वळणाला बुरशीने आपला शिक्का मारला होता. ते डाग अजून आहेत.

पेटीच्या आत वर्षातून एकदा टॉर्च मारून बघा. पालीची अंडी हमखास सापडतात. माझ्याकडे एकदा कुंभारीण माशीने पाइपच्या टोकाशी, जिथे मोटर नसते त्या बाजूला, मातीचं सुबक घर बांधलं होतं. पडदा फिरताना कर्र-कर्र वाजायचा आणि मी महिनाभर मोटरला शिव्या देत होतो. तिथे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह होईल, घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि कापडाला डाग पडतो. कोरड्या ब्रशने साफ केलं की पुरे, फार तर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा फडक्यावर घेऊन त्या टोकाला लावा.

चार्जिंगची आणि या साफसफाईची वेळ लक्षात ठेवायला मी पाडवा आणि दसरा धरतो. चैत्र ते आश्विन, साधारण सहा महिने. दसऱ्याला नाहीतरी घरातल्या यंत्रांना फूल वाहायचंच असतं.

आता कॅनडा. पाच महिने घर बंद राहणार म्हणून निघण्याआधी पाचही पडदे फुल चार्ज करून ठेवू, असं वाटेल. इथे मात्र यजमानांचे दोन तासच बरोबर! लिथियम बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि तापलेल्या जागी महिनोन्महिने पडून राहिली की लवकर म्हातारी होते. अर्धी-पाऊण भरलेली ठेवली तर सगळ्यात कमी झिजते. पडदा हलला नाही तरी रिमोटच्या हाकेसाठी मोटर कान देऊन बसलेली असते, त्यात थोडी वीज जात राहते, पण पाच महिन्यांना अर्ध्याहून थोडी जास्त बॅटरी पुरेल. फक्त मुलाला सांगून सगळी वेळापत्रकं काढायला लावा, नाहीतर रिकाम्या घरात पडदे वर-खाली करत राहतील. मोटर थेट वायफायवर असेल (मोटरला वायफायशी जोडणारी वेगळी छोटी डबी भिंतीत लावलेली नसेल तर बहुधा तसंच असेल), तर ती वीज बरीच जास्त खाते. मोटरला बंद करायचं बटण किंवा झोपवायची सोय असेल तर जाताना वापरा. आणि पडदे खाली सोडून जा. पावसाळ्यात गुंडाळलेल्या कापडात दमट हवा कोंडते, माझ्या स्वयंपाकघराची गोष्ट वर सांगितलीच आहे.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, बॅटरी गेली की नाही. वयाने दोन वर्षं म्हणजे काही नाही. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर अशा सेलची ताकद लक्षात येण्याइतकी कमी होते. तुमच्या तीन आठवड्यांनी अर्ध्या चार्जिंगच्या हिशोबाने दोन वर्षांत जेमतेम १८ पूर्ण चार्जिंग झाली आहेत. पश्चिमेच्या उन्हाने काही नुकसान केलं असेल, आणि दर वेळी पूर्ण उतरवल्यानेही, ते मी नाकारत नाही. म्हणून परीक्षा घ्या. फिटरकडून पडदा सरळ करून घ्या, वरची हद्द खाली आणून घ्या. सकाळी सहाला चार्जर लावून दिवा हिरवा होऊ द्या. वेळापत्रक बंद. त्याच दिवशी घड्याळ लावून पडदा तळापासून वर जायला किती सेकंद घेतो ते मोजा आणि पेटीच्या मागे पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा. मग रोज सकाळी एकदा वर, रात्री एकदा खाली, मधे फक्त पट्ट्या फिरवायच्या. दोन महिने निघाले तर बॅटरी ठणठणीत आहे. महिन्याच्या आत पडदा रेंगाळू लागला तर दुकानदाराचा माणूस बरोबर, मी चूक. पण मोटर घेण्याआधी जुनं बिल शोधा आणि वॉरंटी किती वर्षांची होती ते बघा. मोटरला आणि बॅटरीला वेगवेगळी मुदत असते, दोन्ही वाचा. बदललेली जुनी मोटर ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, नवी मोटर घेताना जुनी दुकानातच ठेवून या.

साधे पडदे लावायचे तर खुशाल लावा, पण बेडरूमचे चार पडदे बिनबोभाट चाललेत, त्यांना का शिक्षा? आणि फिटर परत येईल तेव्हा नव्या मोटरीची पिशवी त्याला दाराशीच ठेवायला सांगा. आधी पाइपला पाणसळ लावून दाखव म्हणावं.